पाकळीचा ल

१

सील शाबूत होते. बाबांवरचा सगळा आरोप त्या शाबूत सीलवर उभा होता.

२९ नोव्हेंबरला जबलपूरच्या पनागर रस्त्यावरच्या एका शीतगृहातली सात नंबरची खोली न्यायालयाच्या हुकमाने उघडली गेली. आत बेचाळीस डबे खवा होता. कुंडमच्या मुलींच्या वसतिगृहात त्याच खव्याची मिठाई वाटली गेली आणि सव्वीस मुली आजारी पडल्या, म्हणून बाबांनी १८ तारखेला तो जप्त केला होता. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेतून ‘असुरक्षित’ असा शेरा घेऊन परत आला होता. उरलेला माल खड्ड्यात पुरायचा, एवढेच काम बाकी होते.

कुलपाला कापड गुंडाळलेले, कापडावर लाख, लाखेत बाबांच्या पितळी मोहोरेचा ठसा आणि लाखेखाली दाबलेली बाबांच्या सहीची चिठ्ठी. जुन्या कायद्याच्या काळात बाबा अन्न निरीक्षक म्हणून लागले तेव्हाची ही रीत. नव्या कायद्याबरोबर नंबर छापलेली प्लॅस्टिकची सिले आली, पण ती कार्यालयात नेहमी संपलेली असत. लाख संपत नाही, असे बाबा म्हणत.

सीलचा फोटो काढला, पंचांनी ते तपासले, मग तोडले. पहिला डबा उघडला तेव्हा नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या लोकांनी हळूहळू रुमाल खाली घेतले. खवा चांगला होता. बेचाळीसही डबे चांगले निघाले.

नमुना खराब आणि माल चांगला. म्हणजे बाबांनी दुसरीकडचा नमुना पाठवला असेल, नाहीतर व्यापाऱ्याशी हातमिळवणी करून मागाहून माल बदलू दिला असेल. सील त्यांचे, सही त्यांची, मोहोर त्यांच्या कपाटातली. कुठल्याही बाजूने गेले तरी वाट बाबांपाशीच येत होती.

डिसेंबरात त्यांना आरोपपत्र मिळाले. जानेवारीत ते कार्यालयातल्या खुर्चीतच गेले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सिविल लाइंसमधून चौकशी अधिकाऱ्यांचे पत्र आले. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्याने प्रकरण ‘नस्तीबद्ध’ करण्यात येत आहे. कुटुंबाला काही म्हणायचे असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. नस्तीबद्ध म्हणजे फायलीत बांधून बंद. बाबा दोषी होते असे आता कोणी लिहिणार नव्हते. ते दोषी नव्हते, असेही कोणी कधी लिहिणार नव्हते.

आईने पत्र दोनदा वाचले. एकतीस वर्षे मराठी शाळेत शिकवलेली ती बाई दोन महिन्यांत फाटकाबाहेर पडली नव्हती.

“म्हणजे आता हे असंच?” तिने विचारले.

मी म्हटले, “शुक्रवारपर्यंत वेळ आहे.”

२

मंगळवारी अतुल आला. बाबांच्या हाताखालचा तरुण अधिकारी. त्याचे वडील आणि बाबा रांझीत शेजारी राहत, त्यामुळे तो बाबांना काका म्हणे आणि मला दीदी. बाबा गेल्यापासून घरची सगळी कागदपत्रे तोच पाहत होता. आज आईच्या कुटुंब निवृत्तीवेतनाचा फॉर्म घेऊन आला होता आणि जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच भरत होता.

आईने वाकून पाहिले. “अरे, माझ्या नावाचा ल कसा काढून राहिला तू? दांडीचा.”

“काकू, सगळे असाच काढतात ना.”

“हिंदीवाले काढतात. आपला ल पाकळीचा. दोन पाकळ्या, मध्ये देठ, उजवीकडे दांडी नाही. आमच्या शाळेत आला असता तर हातावर पट्टी बसली असती.”

“म्हणून तर पप्पांनी हिंदी शाळेत टाकलं,” अतुल म्हणाला. कितीतरी दिवसांनी आई हसली.

ती चहा टाकायला गेली तेव्हा मी बाबांची वही त्याच्यासमोर ठेवली. रोजच्या दोन-तीन ओळी, कार्यालयात आयुष्यभर हिंदी लिहिणाऱ्या माणसाने घरासाठी राखलेल्या मराठीत. मी २० नोव्हेंबरचे पान उघडले होते.

‘अतुल पुन्हा तेच. राजीनामा करून टाका म्हणतो. मी नाही म्हटले.’

अतुलने ओळ वाचली. मग पेनाचे टोपण लावले.

“हो दीदी. मीच म्हटलं होतं. काका, राजीनामा देऊन टाका, मोकळे व्हा. बदनामी सहन नव्हती होत मला. ऐकलं असतं तर आज...”

मला त्याची दया आली. बाबांचा विश्वास होता त्याच्यावर. नोव्हेंबरात माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले तेव्हा २२ ते २४ बाबा नागपूरला माझ्याजवळ होते, दवाखान्याच्या व्हरांड्यातूनही फोनवर त्यालाच सांगत होते, “चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, किल्ली ड्रॉवरमध्ये आहे, नमुने थांबवू नको.”

तो गेल्यावर मी वही शेवटपर्यंत चाळली. आरोपपत्रानंतर बाबांनी जवळपास काही लिहिले नव्हते. शेवटच्या पानावर एकच शब्द आठ-दहा वेळा होता: सील, सील, सील. पेन चालते का पाहावे तसा, कुठे नेटका, कुठे वाकडा. आजारी माणसाचा चाळा, असे समजून मी वही मिटणार होते. पण आधीच्या पानावरची एक ओळ राहिली होती.

‘पुष्पाबाईंना तो चष्मा लक्षात असेल का?’

३

पुष्पाबाई शीतगृहाच्या फाटकावर मालाची आवक-जावक लिहीत. जप्तीच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून त्यांची सही होती. माहेर पांढुर्ण्याचे, त्यामुळे मराठी अजून जिभेवर. बुधवारी सकाळी मी पनागरला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या परातीत मटार सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि परात थोडी माझ्याकडे सरकवली. मीही सोलू लागले.

“चष्मा?” त्या म्हणाल्या. “त्यांनी घरी सांगितलं काय ते?”

“वहीत लिहिलं आहे.”

“साहेब त्या दिवशी चष्मा विसरून आले होते. मले म्हणे, पुष्पाबाई, तुमचा द्या. मी म्हटलं, लेडीज हाय साहेब, दांडीवर चमकी हाय. तर म्हणे, लाखेला काय फरक पडून राहिला? तोच लावला अन् चिठ्ठी लिहिली. तारीख, खोली नंबर, डबे मोजून बेचाळीस, खाली सही. पूर्ण आपल्या हातानं. आमचे हमाल हसून राहिले होते.”

“मग हे चौकशीत काहून नाही सांगितलं?”

“विचारलं कोणी? मले विचारलं, सील ठीक होतं का. ठीक होतं, तर ठीक सांगितलं.” त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. “त्याच मालकाची नोकरी करून राहिली मी, बाई. जेवढं विचारतात तेवढंच बोलते.”

“अठरा ते एकोणतीस, मधे खोली कोणी उघडली?”

“माझ्या ड्युटीत नाही. रातच्या चौकीदारालेबी विचारा, तोबी नाहीच म्हणेल. फक्त ग्यारसचं मी सांगू शकत नाही. त्या दिवशी छुट्टी होती.”

“सगळ्यांना?”

“चौकीदारालेबी. मालक स्वतः आले, म्हणे आज देवउठनी ग्यारस, घरी जा, उसाची पूजा करा. अकरा वर्षांत पहिल्यांदा देव आठवला त्यांना.”

ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, २३ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी बाबा नागपूरला माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून संत्री सोलत होते, आणि ती मला चालत नाहीत हे कळल्यावर स्वतःच खात होते.

क्षणभर मला वाटले, सुटलो. पण बसच्या थांब्यापर्यंत जाईस्तोवर वाट पुन्हा बंद झाली. ग्यारसला खोली उघडली असेल तर जुने सील तुटले असणार. मग २९ तारखेला जे सील सर्वांनी पाहिले त्यावर बाबांची खरी सही कुठून आली? ती सही बाबांनी स्वतः ओळखली होती. त्यांच्या जबाबात तसे लिहिले होते: ‘हस्ताक्षर मेरे हैं’, हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही.

४

शीतगृहाचे मालक अनुपमजी यांनी मला त्याच दुपारी वेळ दिली. चहा मागवला, खुर्ची पंख्यापासून दूर सरकवून दिली. माणूस मृदू होता.

“बिटिया, आपके पिताजी से हमारी कोई दुश्मनी थोड़ी थी. वो अपनी नौकरी कर रहे थे, हम अपना धंधा.”

मी म्हटले, मला ती खोली एकदा पाहायची आहे.

“अरे, इसमें क्या है, चलिए.”

सात नंबरचे दार वीतभर जाड होते. आत मटारची पोती रचलेली, वर एक पिवळा दिवा. आम्ही दोघे आत गेलो आणि दार आपल्या वजनाने मागे लागले. बाहेरचे सगळे आवाज एकदम तुटले. मी आतली मूठ ओढली. ती हातात गोल फिरली.

“ढीली है,” अनुपमजी म्हणाले. “बाहर से ही खुलता है. लड़का आता होगा. घबराइए मत.”

ते अजिबात घाईत नव्हते. त्यांच्या अंगावर लोकरी जाकीट होते, माझ्या अंगावर सुती ओढणी. श्वासाची वाफ दिसत होती.

“ऐसे मामलों में,” ते पोत्यावरचे बर्फाचे कण नखाने काढत म्हणाले, “बंद फ़ाइल सबसे अच्छी. जो गया उसकी भी इज़्ज़त, जो बचे उनकी भी. माताजी की पेंशन का काम भी चल रहा होगा.”

हे त्यांना कोणी सांगितले, असे मी विचारले नाही. थंडीने दात वाजू नयेत म्हणून काहीतरी बोलायचे तसे विचारले, “तुमच्याकडे खव्याचा सगळ्यात मोठा दिवस कोणता? दिवाळी?”

“ग्यारस,” ते लगेच म्हणाले. “उसी दिन से शादियाँ खुलती हैं. उस दिन तो यहाँ साँस लेने की फुर्सत नहीं रहती. सारा स्टाफ सुबह पाँच बजे से.”

मी मान हलवली. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी या माणसाने फाटकावरची बाईसुद्धा पूजेला घरी पाठवली होती, आणि आता तसे घडलेच नाही म्हणत होता.

दार उघडायला आणखी चार मिनिटे लागली असतील. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांना टोचले. अनुपमजी म्हणाले, “देखा, कुछ नहीं था अंदर.”

त्यांना मी काय विचारले ते कळले नव्हते. पण पेन्शनचा फॉर्म काल आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला गेला, हे त्यांना कळले होते.

५

गुरुवारी मी सिविल लाइंसला गेले. चौकशी अधिकारी मेघनाजी, मूळच्या उपजिल्हाधिकारी, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत बसत. त्यांच्यासमोर दोन म्हातारे उभे होते, खतमातीच्या ढिगावरून भांडलेले शेजारी. मेघनाजींनी कागदावर शिक्का मारला.

“चलो, राजीनामा हो गया. अब घर जाओ, दोबारा मत आना.”

म्हातारे एकमेकांकडे न बघता एकाच दारातून बाहेर पडले.

मी उभीच राहिले. हा अर्थ मला माहीत नव्हता असे नाही. मी जबलपुरात वाढले. घरातला राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. कचेरीतला राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड. हिंदीत नोकरी सोडतात तेव्हा इस्तीफा देतात. पण बाबांची वही मराठी, म्हणून मी तो शब्द घरचा समजून वाचला होता.

आणि बाबा मराठीच्या बाबतीत काटेकोर होते. मराठीत राजीनामा देतात. करत नाहीत. ‘राजीनामा करून टाका म्हणतो’, हे बाबांचे वाक्य नव्हतेच. ते अतुलचे होते, जसेच्या तसे टिपलेले.

शिवाय तारीख. २० नोव्हेंबर. जप्ती होऊन दोन दिवस झाले होते. खोली उघडायला नऊ दिवस होते, आरोपाचा मागमूस नव्हता. त्या दिवशी कुठल्या बदनामीपायी कोणी बाबांना नोकरी सोडायला सांगेल?

अतुल त्यांना व्यापाऱ्याशी तडजोड करायला सांगत होता. ‘पुन्हा तेच.’ आणि बाबांनी नाही म्हटले होते.

“बैठिए,” मेघनाजी म्हणाल्या. “आप ठीक हैं?”

मी फाईल पाहायला मागितली. सील तोडण्याआधी काढलेला फोटो मोठा करून लावलेला होता. लाख, ठसा, चिठ्ठी. अक्षर स्वच्छ वाचता येत होते: ‘सील दि. १८/११, कमरा ७, कुल ४२ टीन’. खाली बाबांची सही: मुरलीधर.

मी सहीकडे पाहिले, मग वरच्या ओळीकडे, मग पुन्हा सहीकडे. नंतर मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढण्याची परवानगी मागितली.

६

आईने बाबांच्या वहीला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे ते शेवटचे पान उघडून ठेवले. तिने चष्मा घातला आणि मुलांच्या वह्या तपासायच्या सवयीने बोट ओळीवर धरले.

“हा ल यांचा. पाकळीचा,” ती म्हणाली. “हा नाही. हाही नाही. हे कोणाची तरी नक्कल काढून राहिले होते.”

मी मोबाइल पुढे केला. आईने सही पाहिली. “हा यांचा.” मग वरची ओळ. ‘सील’, ‘कुल’. तिचे बोट तिथेच थांबले.

“एका चिठ्ठीवर दोन ल कसे?”

मी तिला सगळे सांगितले. बाबांना चिठ्ठीवरची आपली सही खरी वाटली, कारण ती खरीच होती. नागपूरला जाताना काम थांबू नये म्हणून त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या होत्या, आणि मोहोरेच्या कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये. ते मी स्वतः फोनवर ऐकले होते, माझ्याच आजारपणात. फोटो पाहिल्यावर बाबांना सगळे कळले असणार. त्या पानावर ते खात्री करून घेत होते.

“मग बोलले काहून नाही?”

“बोलायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की कोऱ्या कागदावर सही मीच केली.”

चौतीस वर्षे ते दुकानदारांना हेच सांगत आले होते, कोऱ्या कागदावर सही करू नका. मलाही, शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून.

आई फॉर्मवरच्या आपल्या नावाकडे पाहत होती. अतुलने भरलेला फॉर्म अजून टेबलावरच होता.

“मी हसली होती त्याच्या ल ला,” ती म्हणाली.

“उद्या हे सांगितलं तर बाबांची ती चूकही कागदावर येईल, आई. कायमची. नाही सांगितलं तर नस्तीबद्ध.”

तिने फॉर्मची घडी केली.

“चूक केली तर चूक म्हणून लिहू दे. लाल शाईनं लिहू दे. चोरी म्हणून नको.”

७

शुक्रवारी अकरा वाजता मेघनाजींच्या खोलीत अतुल आधीच बसला होता. कार्यालयाच्या बाजूने कागद सादर करण्याचे काम त्याच्याकडेच होते. मला पाहून तो उठला आणि खुर्ची ओढून दिली.

मी मेघनाजींना म्हटले, मला आधी अतुलला दोन प्रश्न विचारायचे आहेत.

“पूछिए.”

“अठरा नोव्हेंबरला तू कुठे होतास?”

“कुंडमला, दीदी. तुम्हाला माहीत आहे. हॉस्टेलच्या मुलींचे बयान घेत होतो. सकाळी सातला निघालो, परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. फाईलमध्ये आहे.”

“म्हणजे सील लागलं तेव्हा तू शीतगृहावर नव्हतास.”

“नव्हतो. म्हणून तर मी साक्षीदार नाही.”

मी फाईलमधला फोटो, बाबांची वही आणि आईचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. मेघनाजींना हिंदीत सांगितले की मराठी शाळेत शिकलेला माणूस ल असा काढतो आणि हिंदी शाळेत शिकलेला असा. त्यांनी स्वतःच्या पॅडवर एक ल काढून पाहिला. दांडीचा. मग फोटोवर भिंग धरले.

“दस्तखत में अलग है, ऊपर अलग,” त्या हळू म्हणाल्या.

“साक्षीदार पुष्पाबाई सांगतील की चिठ्ठी बाबांनी पूर्ण स्वतः लिहिली, त्यांचाच चष्मा लावून. या चिठ्ठीवर फक्त सही बाबांची आहे. म्हणजे ही ती चिठ्ठी नाही. आता हे वरचं अक्षर आणि या फॉर्मवरचं अक्षर तपासायला पाठवा.”

अतुलने फॉर्मकडे पाहिले. तो खोटे बोलण्यात पटाईत नव्हता, पण प्रयत्न केला.

“कोऱ्या चिठ्ठ्या मी आधीच भरून ठेवायचो, मॅडम. काका सही करून द्यायचे. त्यातलीच एक त्यांनी त्या दिवशी लावली असेल.”

“कुल बेचाळीस टीन,” मी वाचले. “तू कुंडमला होतास. डबे मोजले गेले दुपारी. तू आधीच बेचाळीस कसे लिहिलेस?”

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तीन-चार किका ऐकू आल्या.

“ग्यारसला शीतगृहात कोणीही नव्हतं, मालकानं सुट्टी दिली होती. बाबा नागपूरला होते, दवाखान्याच्या वहीत त्यांची सही आहे. मोहोर आणि सह्या केलेल्या चिठ्ठ्या तुझ्या ताब्यात होत्या.” मी वही उघडली. “आणि त्याआधी तीन दिवस तू बाबांना म्हणालास, राजीनामा करून टाका. द्या नाही. करा.”

मेघनाजींनी भिंग खाली ठेवले. त्यांना दुसरा अर्थ समजावण्याची गरज नव्हती. त्यांना तोच एक माहीत होता.

अतुल बोलला तेव्हा मराठीत बोलला, माझ्याशी.

“माझी बदली अलिराजपूरला निघाली होती, दीदी. मुलीची, हर्षाची शाळा इथे, पप्पांचं डायलिसिस इथे. अनुपमजींचे भोपाळमध्ये कोणी आहेत. ते म्हणाले, थांबवतो.” त्याने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले होते. “मला वाटलं, सील अगदी बरोबर दिसलं तर कोणीच अडकणार नाही. डबे चांगले निघतील, केस तुटेल, बस. लॅबवाल्यांची गलती म्हणतील. काकांवर येईल असं मनातही नव्हतं.”

“आलं तेव्हा?”

“तेव्हा काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. फोटो समोर होता. काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, तुझा ल सुधार.”

मी त्याच्याकडे पाहू शकले नाही, म्हणून खिडकीकडे पाहिले. खिडकीला जाळी होती.

कुंडमची एक मुलगी एकोणीस दिवस दवाखान्यात होती, आणि तिचा जबाब अतुलनेच घेतला होता, हे मला आठवले. त्यालाही आठवत असेल.

मेघनाजींनी शिपायाला बोलावून अतुलला बाहेर बसवले. मग मला म्हणाल्या, “बयान लूँगी तो पूरा लूँगी. कोरी पर्ची पर दस्तखत, यह भी कदाचार है. वह भी लिखा जाएगा. सोच लीजिए.”

“लिहा.”

“फ़ाइल बंद नहीं होगी फिर. आपको कई बार आना पड़ेगा. अदालत भी.”

“येईन.”

टंकलेखकाने जबाब छापून आणला. चार पाने. मी प्रत्येक ओळ वाचली. नकली चिठ्ठी, ग्यारस, बेचाळीस डबे, आणि तिसऱ्या पानावर: ‘मेरे पिता ने कोरी पर्चियों पर हस्ताक्षर करके दी थीं, जो नियम के विरुद्ध था.’ ती ओळ मी दोनदा वाचली. ती खरी होती.

मग मी पेन घेतले आणि जिथे जिथे ‘मुरलीधर’ छापले होते तिथे तो ल खोडून वर पाकळीचा काढला. चार ठिकाणी.

“मैडम, कंप्यूटर में ऐसा ही आता है,” टंकलेखक म्हणाला. “नाम तो वही रहा.”

मेघनाजींनी त्याला हाताने थांबवले. “काट-छाँट की है तो हर जगह दस्तखत करने पड़ेंगे,” त्या मला म्हणाल्या.

मी चारही दुरुस्त्यांशेजारी सही केली. मग शेवटच्या पानावर गेले. जबाब आणि सहीची जागा यांच्यामध्ये दोन ओळी रिकाम्या होत्या. तिथे आधी मी आडवी रेघ मारली, आणि मगच खाली नाव लिहिले.